भागूबाईंचा हुंकार

निजामाच्या राज्यात, औरंगाबादच्या छावणीत सारजाबाई बायबलबाई म्हणून ओळखल्या जात. मिशनच्या शाळेत शिकलेल्या. गल्लोगल्ली जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं हे त्यांचं काम. अख्खी छावणी त्यांचं ऐके. घरात मात्र सासू होती.

सासू भागूबाई फर्दापूरच्या. तिकडं कुणी गोष्ट सांगायला बसलं की समोर हुंकार द्यायला त्यांनाच बसवत. त्यांचं "हूं" असं नेमकं पडायचं, की सांगणाऱ्याला चेव यायचा. मुलगा बन्सी आणि सून आधीच ख्रिस्ती झालेले. आता भागूबाईंनाही बाप्तिस्मा हवा होता. "मेल्यावर मातीत तुमच्याशेजारी निजू द्या, एवढंच," त्या म्हणत. पण पाद्रीसाहेबांनी बायबलमधल्या, वाटा उधळून घरी परतणाऱ्या पोराच्या गोष्टीतलं विचारलं, धाकट्या मुलानं बापाकडं काय मागितलं? तर भागूबाई म्हणाल्या, "लई चांगलं वाचलं बाईनं." साहेबांनी परत पाठवलं. नाताळाआधी आणखी एकदा बघू म्हणाले.

सारजाबाई चिडल्या. ती गोष्ट त्यांनी घरात कितीदा वाचली होती! सासू सुपात ज्वारी पाखडत बसायची आणि प्रत्येक वाक्याला हूं म्हणायची. एका दुपारी त्यांनी मुद्दाम मध्येच वाचलं, "मग तो फर्दापूरच्या बाजारात गेला आणि त्यानं दोन शेळ्या घेतल्या."

"हूं."

"आत्याबाई! शेळ्या कुठून आल्या?"

"तूच वाचलं की. मला काय ठावं?"

सारजाबाईंनी सूप ओढून भिंतीला टेकवलं. "आता हूं करायचं नाही. तोंड मिटून ऐकायचं."

"हुंकाराबिगर गोष्ट? मढ्यापुढं वाचल्यावानी?"

"व्हय! तसंच!"

भागूबाई ओठ घट्ट मिटून बसल्या. हातांचं काय करावं ते कळेना, म्हणून पदर पिळू लागल्या. चार वाक्यं झाली नाहीत तोच, "थांब. सारजे, त्या पोराची माय कुठं व्हती?"

"लिहिलेलं नाही."

"का नाय लिवलं?"

"मला काय माहीत?"

"बरं, तू म्हन्ली माघारी येणारं पोरगं लांब आसतानाच बापाला दिसलं. म्हंजी बाप रोज वाटंवर डोळे लावून बसत आसंल. व्हय का नाय?"

सारजाबाईंनी पान उलटलं, ते चुकीचं निघालं, आणि त्या आणखी वैतागल्या. मग रोज तेच. आधी सासू काही ऐकत नव्हती; आता एक ओळ पुढं जाऊ देईना. "आधीचं बरं होतं," बन्सी म्हणाला आणि बायकोची नजर बघून गपचूप बाहेर गेला.

नाताळाच्या तोंडावर पाद्रीसाहेबांनी पुन्हा विचारलं. भागूबाईंनी सगळी गोष्ट सांगितली, अगदी उपाशी पोराला हव्याशा वाटलेल्या डुकरांच्या शेंगांसकट. साहेब खूश झाले. "छान. येत्या रविवारी बाप्तिस्मा."

"नाय साहेब. धाकट्याला जेवान घातलं म्हून थोरला भाऊ रुसून दारात उभा हाय. तो आत गेला का नाय, ते सांगितल्याबिगर माझ्या डोक्यावर पानी घालू नका."

सारजाबाईंनी कपाळाला हात लावला. इतकं करून हिनं हातचं घालवलं!

साहेबांनी पुस्तक उघडून ती ओळ पाहिली. "ते लिहिलेलं नाही, आई. बाप त्याला बोलवायला बाहेर आला, एवढंच लिहिलंय."

भागूबाईंनी डोक्यावरचा पदर मागं सारला. "बाप बाहेर आला," त्या सावकाश म्हणाल्या. "मंग मी येते. पानी घाला."

परतताना सारजाबाई तरातरा पुढं चालत होत्या. मागून सासूचं चालूच होतं, "पर तो गेला का गं आत?"

"गेला असेल! जेवला असेल! झालं समाधान?"

"कोन म्हनतं?"

"मी म्हणते."

भागूबाई रस्त्यातच थांबल्या. "पुस्तकात नाय ते सांगू नको, सारजे. त्या शेळ्या घुसडल्या व्हत्या, तसं करू नको. घरी चल, पुन्हा वाच."