रेनेची वाटी

आई गेल्यावर तिच्या पेटीत निघालेली पितळी वाटी मी चिंचेने घासायला घेतली. त्या आंबट वासाने भंडाऱ्यातलं भांड्यांचं दुकान आठवलं.

तेव्हा माझा लहानगा भाऊ जाऊन वर्ष झालं होतं आणि आई पुन्हा गरोदर होती. आमच्या मागावरचं कोसा रेशीम पाहायला आलेल्या फ्रेंच पाहुण्याचं नाव रेने होतं. त्याचा अर्थ 'पुन्हा जन्मलेला', असं त्याने सांगितलं होतं.

"वाटीवर रेने नाव घाला," आई म्हणाली.

"पोटातल्या लेकराचं नाव आधी नाही घालत, बाई," दुकानदार म्हणाला.

"नवं नाही जी. माह्यं गेलेलंच लेकरू वापस येऊन राहिलं."

मला तेव्हा त्या नावाचं हसू आलं होतं.

मुलगी झाली. वाटी पेटीत गेली.

शेजारी बसलेल्या त्याच बहिणीने आता विचारलं, "ताई, हा रेने कोण वं?"

मी घासतच राहिले.