नानांच्या पानावरची तारीख

फ्रेम्पोमा मॅडम घानातल्या कुमासीजवळच्या एका कॉलेजात ट्वी भाषा शिकवायच्या आणि शनिवारी नव्या पोरापोरींना ट्वीतल्या मुक्त ज्ञानकोशात लिहायला बसवायच्या. हे शनिवारचं काम बिनपगारी, पण बाईंचा खरा जीव त्यातच. शिस्त मात्र कडक. पुराव्याशिवाय वाक्य लिहिलं की ते पुसणार आणि वर चारचौघांत विचारणार, "हे तुझ्या कानात कोण सांगून गेलं? झाडावरचं माकड?" दुसरी अट खऱ्या नावाची. टोपणनावाची त्यांना भयंकर चीड. "लिहितोयस की कोंबड्या चोरतोयस? तोंड कशाला लपवतोस?" त्यामुळे सगळी पोरं आडनावासकट लिहायची.

गावचे राजे नाना आम्पोन्फी यांचं पान मॅडमनी स्वतः लिहिलं होतं. आई गेल्यावर त्यांना शाळेत घातलं ते नानांनीच. पानावरचा फोटोही मॅडमनीच काढलेला. नाना त्यात खो खो हसताहेत, आणि राजाला असं दात दाखवणं शोभत नाही म्हणून दरबारी मंडळी रुसली होती.

त्या शनिवारी तळलेल्या केळ्याचे काप खाता खाता मॅडमनी सहज ते पान उघडलं. नानांच्या जन्मतारखेपुढे आणखी एक तारीख होती. कालची.

हातातला काप हातातच राहिला. कुणीतरी चावटपणा केला असणार, असं म्हणत त्यांनी आधी ती तारीख काढली आणि मग लिहिणाऱ्याचं नाव पाहिलं. डुफी ओपोकुआ. ही पहिल्या वर्षाची मुलगी समोरच्याच बाकावर बसली होती, आणि ती चावट अजिबात नव्हती. मॅडम तिला दंडाला धरून व्हरांड्यात घेऊन आल्या.

"कोणी सांगितलं तुला?"

"कोणीच नाही, मॅडम. माझी आजी राजवाड्यावर नानांचं सूप करते ना. काल भांडं भरलेलंच परत आलं. निरोप आला की उद्यापासून सूप नको. तेव्हापासून आजी भिंतीकडे तोंड करून बसलीय."

मॅडमनी आधी वर्गाचं दार ओढून घेतलं. या मुलखात राजा मरत नाही, तो आपल्या गावाला जातो. आणि गेला हेसुद्धा राजवाड्यानं सांगेपर्यंत कुणी बोलायचं नसतं. महिने जातील, पण त्याच्या बायकांनाही रडायची मुभा नाही. जो आधी बोलेल त्याच्याकडून मेंढ्या तर घेतातच, पण त्याच्या घराला राजवाड्याचं दार कायमचं बंद होतं. डुफीची आजी जन्मभर त्याच दारातून ये-जा करत होती.

"आजीनं तुला बजावलं नाही?"

"बजावलं की. तोंडातून शब्द काढायचा नाही म्हणाली." पोरगी गोंधळून बघत होती. "मी कुठं काढला, मॅडम? लिहिला फक्त."

मॅडमना थोबाडीत बसल्यासारखं झालं. कारण पुसलेलंही या ज्ञानकोशात जात नाही. जुनी नोंद पानाच्या इतिहासात राहते, शेजारी लिहिणाऱ्याचं नाव राहतं, आणि ते खरं नाव लिहायला मॅडमनीच लावलं होतं. राजवाड्यातल्या एखाद्या शिकलेल्या भाच्यानं इतिहास उघडला की आजीचा निकाल लागला.

ती नोंद लपवायचा अधिकार आक्रातल्या बाफो यांच्याकडे होता. ते या ज्ञानकोशाचे व्यवस्थापक. मॅडमनी फोन लावला.

"तारीख चुकली एवढंच ना?" बाफो म्हणाले. "तुम्ही ती काढलीत, झालं काम. लपवायचं कशाला, मॅडम? नियम तुम्हीच आम्हाला शिकवता. जिवंत माणसाबद्दल कुणी घातक खोटं लिहिलं असेल तर लपवतो मी. तसं आहे का?"

डुफी मॅडमच्या तोंडाकडे बघत होती. आयुष्यात एक वाक्य पुराव्याशिवाय न सोडणाऱ्या या बाईंनी तिच्यावरची नजर काढून घेतली.

"तसंच आहे," त्या म्हणाल्या. "नाना जिवंत आहेत. तब्येत ठणठणीत आहे. सकाळीच भेटून आले मी."

बाफोही याच मातीतले, त्यांचं आजोळ इथून पलीकडच्याच गावात. काय ते त्यांना कळलं. ते बोलले तेव्हा त्यांचा आवाज एकदम खाली आला होता.

"लपवली, मॅडम. आता कुणालाच दिसणार नाही." मग म्हणाले, "नानांना माझा नमस्कार सांगा. आमच्या आईचं भांडण त्यांनीच मिटवलं होतं."

"सांगते," मॅडम म्हणाल्या.

फोन बंद झाला आणि तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात शिरलं की नाना गेले. इतका वेळ त्या नोंदीच्या मागे धावत होत्या, माणूस गेल्याचं कळायला सवडच झाली नव्हती. समोर डुफीचा ओठ थरथरायला लागला होता. आतून पोरं खिडकीशी येऊन बघत होती.

मॅडमनी तिला जवळ ओढलं आणि तिचं तोंड आपल्या खांद्यात घट्ट दाबून धरलं.

"हस," त्या तिच्या कानात म्हणाल्या. "मी काहीतरी विनोद केलाय. हस, पोरी."

आणि पोरांच्या देखत त्या स्वतःच मोठ्यानं हसायला लागल्या.