बिरूने रिकामी सोडलेली टेप

बिरू गेला.

काल दुपारी स्टेशन रोडवर माझ्या कपातला अर्धा चहा स्वतःच्या बशीत ओतून घेणारा बिरू आज सकाळी गेला. अजून खरं वाटत नाही.

परभणीत त्या काळी ज्यांनी कॅसेट भरून घेतल्या, त्यांना त्याचं दुकान आठवत असेल. चुडाव्याच्या मेंढपाळाचं पोरगं.

आपण गाण्यांची यादी द्यायची, तो भरून द्यायचा. शेवटी दोन-तीन मिनिटं टेप उरली की तिथं न विचारता एक अमेरिकन गाणं टाकायचा.

Outlaw country म्हणतात त्या जातीचं, तिकडच्या बंडखोर गायकांचं. कृषी विद्यापीठात आलेल्या एका पाहुण्याने त्याला त्या गाण्यांची कॅसेट दिली होती. खरबरीत आवाज, मेंढरांमागं चालल्यासारखी निवांत गिटार. आवाज गुळगुळीत करा म्हणणाऱ्या रेकॉर्ड कंपन्यांनाच धुडकावणारे गायक.

मानवतचे एक महाराज भजनांच्या शेवटी ते ऐकून भांडायला आले. जाताना त्याच गाण्यांची पूर्ण कॅसेट भरून घेऊन गेले.

"इंग्रजी कळतं का रे तुला?" मी विचारलं.

"शब्द न्हाई कळत. पण ह्यो गडी कुणाला भेत न्हाई, एवढं कळायलंय. आन टेप रिकामी सोडू न्हाई. पडीक रान दिसतं ते."

मग मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस आले. बिरू भीमगीतं भरून द्यायचा. धमक्या आल्या. मी पाटलाचा पोरगा, मीच समजवायला गेलो.

"थोडे दिवस ती गाणी बंद ठेव. लय वाईट वारं हाय."

"हे भरू नको, ते भरू नको. मग भजीच तळतो की."

दुकान फोडलं. फोडणाऱ्यांत माझ्या ओळखीचे होते. मी समोरच्या पानटपरीआड उभा होतो. रस्ता ओलांडला नाही.

त्याने मला पाहिलं नाही, असं धरून चाललो. मी तिथं होतो, हे सांगायचं दर भेटीत ठरवायचो. कालही ठरवलं होतं.

दुकान फुटल्यावर महिन्याभरात माझं लग्न झालं. दुसऱ्याचं मशीन मागून त्याने आहेरात कॅसेट भरून दिली. शेवटचं ते गाणं ऐकायची लाज वाटायची, म्हणून मी ती नेहमी आधीच बंद करायचो.

आज फोन आल्यावर पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकली.

गाणं नाहीच. टेप नुसती सरसरत राहिली.

कुणाचीच टेप रिकामी न सोडणाऱ्या माणसाने माझी सोडली होती.

तू मला पाहिलं होतंस, बिरू. आणि तरी पस्तीस वर्षं माझ्यासोबत चहा प्यायलास.

मी रस्ता ओलांडायला हवा होता. माफ कर.

शेवटचा रामराम, मित्रा.