कँडिड काढा, पण सांगून

आम्ही फोटो काढतो, लोक अल्बम घेऊन जातात आणि किस्से आमच्याकडेच राहतात. कर्जतला इरफानभाईचा आणि माझा भागीदारीत स्टुडिओ आहे. अलीकडे साठलेले निम्मे किस्से एकाच शब्दाचे आहेत. कँडिड. म्हणजे समोरच्याचं लक्ष नसताना टिपलेला फोटो. निदान आम्हाला तरी तसं वाटायचं.

कडावच्या एका लग्नात नवरदेवाच्या काकांनी माइक घेतला. "ज्यांचे कँडिड ऱ्हायलेत त्यांनी स्टेजवर या. उंच मागं, बारकी पोरं पुढं."

सगळे ताठ उभे राहिले. मी म्हटलं, "काका, हा ग्रुप फोटो झाला."

काका शांतपणे म्हणाले, "ठरवताना कँडिडच बोललेलास. आता शब्द फिरवू नको."

नेरळला हळदीत इरफानभाईनं एका मावशींचा लाडू खातानाचा फोटो टिपला. अल्बम बघून मावशी थेट स्टुडिओत.

"मावशी, कँडिड आहे तो," इरफानभाई म्हणाला.

"असंल. पण आदी सांगायचं ना रं, मी तोंड मिटलं असतं."

कळंबच्या रिसॉर्टवर मुंबईचं एक जोडपं प्री-वेडिंगला आलं होतं. मुलीला सहज हसतानाचा फोटो हवा होता. सकाळभर ती सहज हसत होती. तो कानात काहीतरी पुटपुटायचा, ती मान मागे टाकायची, मग दोघं येऊन स्क्रीन बघायची आणि "अजून नॅचरल हवं" म्हणून परत जायची.

तेवढ्यात बांधावरून एक म्हैस त्यांच्या अंगावर आली. तो एकटाच पळाला. ती अंगातला लांब गाऊन सावरत तिथेच उभी, त्याच्या पाठीकडे बघत. मी बटण दाबलं.

फोटो बघून तो म्हणाला, "हा डिलीट करा. कँडिड वाटत नाही."

ती म्हणाली, "मला पाठवा."

खालापूरकडच्या एका गावात एका पुढाऱ्याबरोबर गेलो होतो. तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची बायको वारली होती, साहेब सांत्वनाला निघाले होते. गाडीतच मला सूचना मिळाली, "कँडिड घे. मी तुझ्याकडं बघणार नाय."

ओटीवर बसून साहेबांनी आजोबांचे हात धरले. आजोबांचे डोळे भरून आले आणि नेमका एक कार्यकर्ता मध्ये आला. फोटो गेला.

"बाबा, परत हात द्या," साहेब म्हणाले. "आणि कॅमेऱ्याकडं बघू नका. आपलं लक्ष नाय असं दिसायला हवं."

आजोबांनी हात दिले. मग कोणीतरी म्हणालं, इथे उजेड कमी आहे. खाट दाराशी ओढली. पुन्हा हात. मी कॅमेरा खाली घेतला.

आजोबांनी पंच्यानं डोळे पुसले आणि हळूच म्हणाले, "साहेब, तुमचं होऊ द्या निवांत. तुमी गेलात की मग रडतो मी."