खुर्चीतला शेजारी

साठ सालाच्या सुमारास मला हृदयविकाराचा झटका आला. तेव्हा मी होतो त्या बंगळूरच्या इस्पितळात अशा रोग्याने सहा आठवडे उताणं पडून राहायची पद्धत होती. नव्या डॉक्टरांनी मात्र आठवड्याभरातच खुर्चीत बसायला सांगितलं. मी घाबरून नाही म्हणालो.

शेजारच्या खाटेवरचे चिकपेट बाजारातले कापडवाले मात्र लगेच बसले, आणि दुकानात असल्यासारखी माझी चादर चिमटीत धरून पाहू लागले.

"स्वल्प विरळ आहे," ते म्हणाले. "बसा हो अण्णा. आडवा माणूस यमाला बांधून ठेवलेला माल वाटतो. बसलेला दिसला, की नुसता भाव विचारून पुढे जातो."

हसत हसत मी उठून बसलो. त्यांचं नाव विचारणार होतो, ते राहूनच गेलं. तेवढ्यात त्यांनी माझी चादर ओढून तिची अशी सुरेख घडी घातली, की ती मोडून परत आडवं व्हायला मला जिवावर आलं.