आमच्या ओसरीवरचा हत्ती

चारठाण्यात जुन्या देवळांच्या मागे आमची गल्ली आहे. गल्ली एवढी अरुंद की समोरच्या घरातल्या भाजीला फोडणी बसली की शिंक आम्हाला येते. ही गल्ली आता जपायचा वारसा म्हणून सरकारी कागदोपत्री लागली आहे. विचारल्याशिवाय खिळा ठोकायचा नाही, दगड हलवायचा नाही. आणि याच गल्लीत, माझ्या ओसरीवर, एक हत्ती बांधलेला होता. मी सांगतो म्हणून नव्हे, पाटीवर लिहिलंय.

पाटीची हकिकत अशी. जिल्ह्याच्या कार्यालयातून एक बाई वही घेऊन आल्या. प्रत्येक घराचा इतिहास लिहून घेणार आणि दारावर पाटी लावणार. ही खबर लागली तेव्हा माझी थोरली बहीण, अक्का, माळवदावर खारी माती पसरत होती. आमचं घर मातीच्या छताचं. पावसाळ्याआधी दरवर्षी वर नवी माती टाकली नाही, तर घरात छत्री घेऊन जेवावं लागतं. ते काम अक्काचं. चाळणार तीच, पसरणार तीच, मला नुसतं मातीचं टोपलं उचलून द्यायचं काम, तेही मी बोलत बोलत करणार.

वरूनच ती म्हणाली, “आईचं आन् माझं लिवून दे बरं का. मागच्या भिंतीचं.”

मागची भिंत म्हणजे खरा इतिहास. मी दुसरीत असताना एका पावसाळ्यात ती बसली. वडील आमचं दुकान सोडून हलेनात. तेव्हा आईनं आणि अक्कानं पुढचा उन्हाळाभर शेतातले धोंडे डोक्यावर आणले आणि भिंत उभी केली. अक्का उशिरानं, नुकतीच पहिलीत बसलेली; त्या उन्हाळ्यात तिची शाळा सुटली ती सुटलीच. माझी चालू राहिली. मी वाचायला शिकलो, ती भिंत बांधायला.

हे सगळं मी सांगणारच होतो, गळ्यातल्या लिंगाची शपथ. पण बाई आधी समोरच्या घरी गेल्या. समोरचे काका म्हणजे माझ्या तोडीचा माणूस. मी दाराआडून ऐकलं, तर त्यांनी आपल्या ओसरीवर निजामाचा एक सरदार मुक्कामाला बसवला होता. जेवायलाही घातलं होतं. आता मला सांगा, समोर सरदार उतरलेला असताना मी काय भिंत सांगत बसू?

मी हत्ती सांगितला. सरदाराचा हत्ती. सरदार तिकडे, हत्ती आमच्याकडे, म्हणजे मोठं घर कुणाचं ते आपोआप ठरलं. हत्ती नदीवर पाणी प्यायला की खालच्या गावांना दुपारपर्यंत पाणी जायचं नाही, हेही सांगितलं. ज्या गल्लीत माझ्या स्कूटरचे आरसे दोन्ही भिंतींना घासतात, तिथून हत्ती आत आला कसा, हे बाईंनी विचारलं नाही. “छान!” म्हणाल्या आणि वही मिटली. तेव्हा मला भिंत आठवली. उद्या सांगू म्हटलं.

पाटी लागली. अक्का हात पुसत बाहेर आली.

“वाच की.”

मी वाचलं. “या घराची मागची भिंत मायलेकींनी आपल्या हातांनी बांधली.” अडखळलोसुद्धा नाही. आयुष्यात एवढं शुद्ध मराठी मी कधी बोललो नसेन. तिनं पदरानं पाटी पुसली. मग दर सोमवारी पूजा झाली की ती पाटीला विभूतीचं बोट लावायची. समोरचे काका बघायचे, बोलायचे नाहीत. त्यांच्या घरात सरदार होता ना.

दोन वर्षं हे चाललं. मग शाळेची सहल आली. पोरींनी आमच्या दारात उभं राहून पाटी मोठ्यानं वाचली, एका सुरात, कविता म्हणावी तशी. अक्का उंबऱ्यात शेंगा फोडत होती.

“कुठला हत्ती गं?” तिनं विचारलं.

“आजी, तुमच्याच घरचा.”

पोरी गेल्या. मी वाट बघत बसलो की आता शिव्या येतील. तिनं शेंगा निवडून संपवल्या, फोलपटं झाडली आणि म्हणाली, “औंदा माळवदावर माती हत्तीलाच टाकायला लाव.”

बस, एवढंच. त्यानंतर ती वर चढली नाही.

मी कार्यालयात गेलो, म्हटलं पाटी बदलून द्या. साहेब म्हणाले, “भिंत मायलेकींनी बांधली याला पुरावा काय?” हत्तीला कुणी पुरावा मागितला नव्हता.

माती मीच टाकली. कुठली माती, किती जाड, पन्हाळीकडे उतार कसा ठेवायचा, काही ठाऊक नव्हतं. तिला विचारलं तर म्हणाली, “तुला काय, सगळंच येतंय.” पहिल्याच पावसात छत गळालं आणि पाणी नेमकं मागच्या भिंतीवरून उतरलं. पोपडे सुटले. आतले धोंडे उघडे पडले. खालचे मोठे, आईनं ठेवलेले. वरचे मात्र नारळाएवढे. दहा वर्षांच्या पोरीच्या हाताला झेपतील तेवढेच.

परवा परभणीहून एक जोडपं देवळं बघायला आलं होतं. मी त्यांना धरून मागे नेलं. धोंडे दाखवले, आई सांगितली, अक्का सांगितली, सुटलेली शाळा सांगितली. एक अक्षर वाढवलं नाही. ऐकून तो गडी हसला. “काका, लय भारी रचून सांगायलाव. आता ते हत्तीचं सांगा ना.”

मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आत अक्का भाकरी थापायलेली. थापणं थांबलं.

“सांग की,” ती आतून म्हणाली. “लोकं लांबून आलेत.”

आणि पुन्हा भाकरीचा आवाज सुरू झाला. मी त्यांना ओसरीवर आणलं आणि हत्ती कुठं बांधत होते ते दाखवलं.