तेलावर लावलेले गवत

एप्रिलमधल्या एका रविवारी क्लबच्या समितीने ब्राउनवर गवत अंथरायचे ठरवले. बैठक अकराला सुरू झाली आणि बाराला संपली. आबा बाहेर कडुनिंबाखाली उभे होते. मी आत बसून वृत्तांत लिहीत होते.

आबा म्हणजे माझे वडील. नंदुरबार शहराबाहेरच्या बरड जमिनीवर सभासदांचा एक गोल्फ क्लब आहे. त्याच्या मैदानाची निगा ते सव्वीस वर्षे राखत होते. नंदुरबारात गोल्फ खेळतात हे ऐकून परगावचे लोक हसतात. मीही हसते, पण त्यांनी तिथला खेळ पाहिलेला नाही आणि मी पाहिला आहे.

मैदानाला नऊ खड्डे. दोनदा फिरले की अठरा होतात आणि सभासद सगळीकडे अठराच सांगतात. एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला मिरची वाळवायच्या पथाऱ्या. वारा सुटला की तिखटाची धूळ मैदानावर येते. पांढरे बूट घातलेले सभासद नाकाला रुमाल लावून म्हणत, ‘या पथाऱ्यांचं काहीतरी केलं पाहिजे.’ निम्म्या पथाऱ्या त्यांच्याच होत्या. सचिव घरी आणि दुकानात आमच्यासारखीच अहिराणी बोलत. फाटकातून आत आले की पुस्तकी मराठी सुरू, आणि अध्यक्ष समोर असले की इंग्रजी. त्या इंग्रजीत ‘वेल प्लेड’ आणि ‘बॅड लक’ याखेरीज फारसे काही नव्हते, पण गोल्फला तेवढे पुरते.

या मैदानावर हिरवळ कधीच नव्हती. जिथे चेंडू हलकेच ढकलून खड्ड्यात घालायचा, तिथे इतर ठिकाणी गवताचा गालिचा असतो. आमच्याकडे रेतीचा गोल असे. त्याला ब्राउन म्हणतात. तापीची रेती आणायची, दोनदा चाळायची, तिच्यात गॅरेजमधले जळके ऑइल मिसळायचे आणि दाबून बसवायची. तेलामुळे रेती वाऱ्याने उडत नाही आणि चेंडू सरळ जातो. ऑइल किती घालायचे ते आबा मुठीने ठरवत. मूठ दाबली की गोळा व्हावा आणि बोटाने टोचला की फुटावा. खेळणारे पुढे गेले की बुटांचे ठसे पुसायला ते त्या गोलावरून पट्टा ओढत. पट्टा म्हणजे बांबूच्या दांडीला बांधलेले गोणपाट. मधून बाहेर, गोल गोल, उलट पावली चालत. आपले पाऊल मागे राहू नये म्हणून शेवटचा फेरा काठावर उभे राहून घ्यायचा. लहानपणी मला ते काम रांगोळीसारखे वाटायचे. मोठेपणी मी त्याकडे पाहणे सोडून दिले. मी शिकत होते.

शिकून मी महाविद्यालयात ग्रंथपाल झाले. सचिव आमच्या संस्थेच्या मंडळावर होते. एकदा ग्रंथालयात येऊन म्हणाले, ‘मॅडम, तुमची भाषा छान आहे. क्लबचं उन्हाळी वार्तापत्र तुम्हीच लिहा.’ माळ्याची मुलगी असे ते म्हणाले नाहीत, आणि न म्हणण्यात आपला मोठेपणा आहे हे मला कळावे इतका वेळ थांबले. मी हो म्हटले. समितीच्या बैठकांचा वृत्तांतही मग माझ्याकडेच आला. तेव्हापासून दरवर्षी उन्हाळ्यात चार पानांचा अंक निघू लागला. पहिल्या पानावर अध्यक्षांचे मनोगत, जे मी लिहायचे. दुसऱ्यावर स्पर्धांचे निकाल, चौथ्यावर सभासदांचे परदेशातले फोटो. तिसऱ्या पानावर ‘मैदानाची निगा’ नावाचा परिच्छेद. तो परिच्छेद आबांच्या कामाचा. ते हळूहळू, बोट ठेवून वाचत. वाचून झाला की कुठली गोष्ट दोनदा आली ते मला सांगत आणि अंक अवजारांच्या खोलीत तारेला टोचून ठेवत. त्या एप्रिलपर्यंत तारेला सात अंक झाले होते.

त्या रविवारच्या बैठकीचे कारण एवढेच की अध्यक्ष सुरतेला पाहुणे म्हणून खेळून आले होते. तिथे हिरवळ होती. मेअखेरीला आपल्याकडे उन्हाळी चषक होणार, सुरतेचे पाहुणे येणार, आणि आपण त्यांना काळ्या रेतीवर खेळवणार, ही त्यांना शरमेची गोष्ट वाटत होती. सचिवांच्या मेव्हण्याची नर्सरी होती. गवताच्या तयार गाद्या ट्रकने येतील, पसरायच्या आणि पाणी मारायचे. रेती उकरून काढायची तर महिना जाईल, म्हणून तिच्यावरच चार बोटे माती टाकायची.

शेवटी कोणीतरी म्हणाले, माळ्याला विचारा. आबांना दारापर्यंत बोलावले. चपला बाहेर काढून ते उंबऱ्यावर उभे राहिले. ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘आते नको, साहेब. पानी पडू द्या, मंग लावा. आनि रेती काढाले पाहिजे. खाले तेल शे. मुळ्या कोठे जातीन?’

अध्यक्ष हसले. ‘मुळ्यांची काळजी तुम्ही नका करू. तुम्ही फक्त पाणी मारा.’

‘पानी मारसू साहेब. पन तेलमा गवत जगत नही.’

‘माळीबुवा, सुरतेला जगतं.’

बाकीचे हसले. सुरतेच्या गवताखाली जळके ऑइल नसते, हे त्या खोलीतल्या एकालाही सुचले नाही. त्यांत दोघे शेतीचे पदवीधर होते. आबांनी माझ्याकडे पाहिले नाही. मी वृत्तांतात लिहिले : ‘माळ्याशी चर्चा करण्यात आली.’

गाद्या आल्या. मेव्हण्याच्या माणसांनी दोन दिवसांत नऊ गोल हिरवे केले. पहिला आठवडा सभासद संध्याकाळी सहकुटुंब येऊन हिरवळीवर फोटो काढत होते. एका बाईंनी चटई टाकून योगासने केली. दुसऱ्या आठवड्यात कडा पिवळ्या पडल्या. आबा पहाटे चारला जाऊन पाणी घालत, ऊन चढल्यावर गोणपाटे ओली करून अंथरत, सूर्य उतरला की ती काढत. जे मरणार हे त्यांनी आधीच सांगितले होते, त्याला ते असे जपत होते. घरी मी म्हटले, ‘कशाला एवढं? तुम्ही तर सांगितलं होतं.’ ते म्हणाले, ‘सांगं ते सांगं. आते लावेल शे ना.’

तिसऱ्या आठवड्यात सगळे गवत वाळले. गादीचा कोपरा उचलला तर ती पोळीसारखी अख्खी हातात यायची. खाली एक मुळी गेली नव्हती.

चषकाला चार दिवस होते. सचिवांनी हिरवा रंग आणवला. फवारणीचा पंप पाठीला लावून आबांनी मेलेल्या गवतावर रंग मारला. त्यांना तसे सांगितले होते. लांबून ते खरेच हिरवे दिसे. सचिव फाटकापाशी उभे राहून म्हणाले, ‘बघा, इच्छाशक्ती असली की होतं.’

चषकाच्या दिवशी ऊन अंगावर येण्याआधी खेळ सुरू झाला. तिसऱ्या गोलावर सुरतेच्या एका पाहुण्याने चेंडू उचलला. चेंडू हिरवा, बोटे हिरवी. तो मोठ्यांदा हसला. ‘अरे शेठ, तमारुं घास तो रंग छोडे छे!’ अध्यक्षांनी खाली आपल्या बुटांकडे पाहिले. गेले महिनाभर ज्यांच्या तोंडून अहिराणी शब्द ऐकू आला नव्हता, ते सगळ्या पाहुण्यांसमोर ओरडले, ‘मन्हा जोडा! नवा जोडा शे यार!’ मी नोंदवही घेऊन बाजूला उभी होते. तो दिवस मला अजूनही आवडतो. आबांना तो आवडला नाही. सव्वीस वर्षांत त्यांच्या मैदानावर कोणी असे हसले नव्हते.

दोन दिवसांनी सचिव ग्रंथालयात आले. एरवी अंकातला मजकूर ते पाहत नसत, आपला फोटो कुठे आहे तेवढे पाहत. या वेळी बसून मजकूर सांगू लागले. ‘लिहा, माळ्याच्या हलगर्जीपणामुळे हिरवळ टिकू शकली नाही.’

मी लिहिले नाही. पेन तसेच धरून म्हटले, ‘सर, त्यांनी आधीच सांगितलं होतं.’

‘वृत्तांतात आहे का तसं?’

वृत्तांत मीच लिहिला होता.

‘मॅडम, मला कल्पना आहे. तुमच्या घरचा विषय आहे. जरा सौम्य करा. पण सभासदांना काहीतरी उत्तर द्यावं लागेल ना?’ मेव्हण्याचे नाव त्या उत्तरात येणार नव्हते, हे मला आणि त्यांना दोघांनाही ठाऊक होते.

मी सौम्य केले. ‘निगा राखण्यात काही उणिवा राहून गेल्याने हिरवळ अपेक्षेप्रमाणे रुजू शकली नाही.’ माणूस काढला आणि दोष ठेवला. त्या वेळी मला वाटले, वाक्य चांगले जमले. आबांचे नाव वाचवले, असेही वाटले. सभासदांबद्दल मी इथे जे काही लिहिते आहे, त्यातले काही त्या दिवशी माझ्याही वाट्याला येते. ते मी वगळत नाही.

अंक आला. आबांनी नेहमीप्रमाणे तिसरे पान उघडले. मी अवजारांच्या खोलीच्या दारात त्यांचा डबा घेऊन उभी होते. बोट दुसऱ्या ओळीवर थांबले.

‘उणिवा म्हंजे काय, माय?’

‘कमी पडणं.’

‘कोन कमी पडनं?’

मी डबा त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली, ओठ हलवत. ‘आठे निगा राखनारा मी एकलाच शे ना?’ आणि मग, रागाने नाही, खात्री करून घ्यावी तसे : ‘हाई तू लिखं?’

मी हो म्हटले. त्यांनी अंक घडी करून डब्याशेजारी ठेवला. तारेला टोचला नाही. ‘अक्षर बारीक करी टाकं यंदा,’ एवढेच म्हणाले आणि डबा उघडला.

त्यानंतर तो विषय आमच्या घरात निघाला नाही. पावसाळ्यात मैदान बंद असते. दिवाळीनंतर सभासद परतले तेव्हा आठ गोलांवर वाळक्या गाद्या तशाच होत्या. नवव्यावर आबांनी कोणाला न विचारता ब्राउन पुन्हा केला होता. गादी उचलली, चार बोटांची माती खरवडली, रेती नवी आणून चाळली. ऑइल नेहमीच्या मिस्त्रींकडून आणले. हे मिस्त्री म्हणजे स्टेशन रस्त्यावरचे जुने मेकॅनिक. त्यांच्या गॅरेजच्या मागे आबांसाठी एक डबा कायम भरत ठेवलेला असे. ते आबांना चिडवत, ‘माळीदादा, आखी दुनिया गवतले पानी टाकस, तू रेतीले तेल पाजस.’ नववा ब्राउन झाल्यावर आबांनी त्यांना मुद्दाम बोलावून दाखवला. मला बोलावले नाही.

पौषात एका सकाळी आबा पट्टा ओढत असताना बसले आणि उठले नाहीत. क्लबने हार पाठवला. सचिव दहाव्याला येऊन गेले. मार्च संपताना त्यांचा फोन आला. ‘मॅडम, यंदाच्या अंकात वडिलांवर दोन ओळी टाका. प्रामाणिक सेवक वगैरे. तुम्हाला सांगायला नको.’ मग त्यांनी चौथ्या पानावर कोणते फोटो घ्यायचे ते बराच वेळ सांगितले.

त्या दोन ओळी मी टाकल्या नाहीत. तिसऱ्या पानावर ‘मैदानाची निगा’ या शीर्षकाखाली मी लिहिले : ‘गेल्या वर्षीच्या अंकात या जागी छापलेला मजकूर खोटा होता. गवत अंथरण्यापूर्वी माळ्याने समितीला सांगितले होते, “खाले तेल शे. मुळ्या कोठे जातीन?” समितीने ऐकले नाही. बैठकीच्या वृत्तांतात हे वाक्य नाही, कारण वृत्तांत लिहिणाऱ्या त्यांच्या मुलीने ते लिहिले नाही. गवत मेले ते तेलाने. निगेत काहीही कमी पडले नव्हते.’ छापखान्यात मीच गेले, मुद्रितही मीच तपासले. अक्षर नेहमीपेक्षा मोठे घेतले.

अंक वाटला गेला आणि मी वाट पाहू लागले. नोकरीचे काय होईल याचा विचार करून ठेवला होता. सचिवांना काय उत्तर द्यायचे तेही ठरवले होते, फार नीट ठरवले होते.

आठ दिवसांनी फोन आला. ‘मॅडम, मोठी चूक झाली.’

‘बोला.’

‘अध्यक्षांचा फोटो आमच्या मेव्हण्यांच्या फोटोपेक्षा लहान आलाय. ते फार नाराज आहेत.’

तिसऱ्या पानाबद्दल काही नाही. महिना गेला. चषकाच्या दिवशी मी तिथे गेले. अध्यक्षांनी ‘अंक उत्तम झालाय’ म्हणून माझे कौतुक केले. टेबलावर अंकाची चवड होती आणि तिच्यावर समोशांचे ताट ठेवले होते. इतकी वर्षे मी कोणासाठी वाक्ये घासूनपुसून लिहीत होते ते त्या टेबलापाशी कळले. त्या अंकाचा वाचक एकच होता. ‘औंदा कडुनिंबनी सावली दोन डाव लिखेल शे’ असे सांगणारा तोच. खोटे छापले ते त्याने वाचले. खरे छापले तेव्हा तो नव्हता.

एक अंक मी मिस्त्रींकडे नेला. त्यांना मराठी वाचायचा कंटाळा, म्हणून मीच वाचून दाखवला. हात पुसत त्यांनी शेवटपर्यंत ऐकले.

‘आते लिखं का, ताई? वाचनारा ते निंघी गया.’

मी उठले तेव्हा त्यांनी मागच्या बाजूला बोट दाखवले. आबांचा ऑइलचा डबा भरला होता.

वार्तापत्राचे काम मी सोडले. सचिवांना दुसरे कोणीतरी मिळाले आहे. आठ गोलांवर आता प्लास्टिकचे गवत आहे. नवव्यावर रेती आहे. रविवारी सकाळी मी तिथे पट्टा ओढते, आणि काठावर पोहोचेपर्यंत माझी पावले रेतीत राहतात. तारेला आठ अंक आहेत. आठवा मी टोचला. ‘उणिवा’ छापलेला त्यात नाही.